भावांचं भांडण आणि माउली

तुझ्या कादंबरीची सुरुवातीची प्रकरणं वाचली. भाषा छान आहे, पण दोन भाऊ पालखीचं दर्शन घेतात काय आणि रडत मिठी मारतात काय, हे पटत नाही. आधी भांडण नीट मांड. सदाशिव पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला गेला तेव्हा सही कोणी केली, आईच्या पाटल्या कोणाच्या कपाटात गेल्या, हे कळू दे. नुसतं ‘गैरसमज झाले’ म्हणून भागत नाही.

भक्तीवरचं प्रवचन सरळ काढून टाक. त्यापेक्षा पालख्यांच्या पुण्यातल्या मुक्कामाला जाऊन उभा राहा. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात उतरते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. वारकरी एकमेकांना ‘माउली’ म्हणत पाया पडतात, तेव्हा वय, मान कोणी बघत नाही. एक वाकला की समोरचाही वाकतो. तुझा थोरला अनोळखी पोराच्या पाया सहज पडेल. धाकट्याच्या पडेल का? कादंबरी तिथे आहे. त्याला दिवे घाट चढू दे, सासवडला पाय सुजू देत, आणि तरीही फोन लावायचा धीर होऊ नये.

बायकांना फक्त चहापुरतं ठेवू नकोस. अशा घरांत बोलणं चालू ठेवतात त्या जावाच, तेही चोरून. विठ्ठलाला स्वप्नात आणायचा मोह टाळ, फारच सोपं होतं ते. आणि समेट झाला तरी पाटल्यांचा हिशेब राहू दे. धाकटी जाऊ तो सोडणार नाही.