वाचकांचे प्रश्न : हवेच्या होडीची ने-आण आणि पहाटेची थंडी

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो, गाव दापोली तालुक्यात आंजर्ल्याजवळ आहे. यंदा खाडीत गळ टाकण्यासाठी साडेसात फुटांची, पीव्हीसीच्या नळ्यांची, हवा भरायची होडी घेतली. दर वेळी हवा काढा, गुंडाळा, गावी पोहोचल्यावर पुन्हा पंप मारा, याचा कंटाळा येतो. होडी फुगलेलीच गाडीच्या टपावर बांधून ताम्हिणीमार्गे नेली तर चालेल का? अडीच अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन आम्ही डिकीत आडवे ठेवतो.
— एक वाचक, पुणे

उत्तर : चालणार नाही, असे स्पष्टच सांगतो. हवा काढल्यावर जी होडी एका पिशवीत मावते, तिला फुगवून टपावर बांधण्यात सोय थोडी आणि धोका मोठा आहे. अशा होडीचे वजन फार नसते, पण पसारा भरपूर असतो आणि वारा पकडतो तो पसाऱ्यामुळे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ४० किलोमीटर वेगाला होडीवर जेवढा ताण येतो त्याच्या चौपट ८० किलोमीटरला येतो. त्यामुळे घाटातल्या वळणांवर हळू चालताना जागची न हललेली होडी माणगावनंतर मोकळ्या रस्त्यावर, समोरून एखादा भरधाव ट्रक गेला की पुढच्या बाजूने उचलली जाते आणि सगळा भार दोन पट्ट्यांवर येतो. पट्टा सुटला तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे काय होईल, याचा विचार होडीच्या किमतीच्या आधी करायला हवा.

दुसरे कारण हवेच्या दाबाचे आहे आणि ते सहसा कोणी सांगत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे आणि तिथला हवेचा दाब किनाऱ्यावरच्या दाबापेक्षा सुमारे ०.०६ बारने कमी असतो. अशा होड्यांच्या नळ्यांत साधारणपणे ०.२ ते ०.२५ बार एवढाच दाब ठेवायचा असतो (नेमका आकडा आपल्या होडीवर छापलेला असेल, तोच प्रमाण मानावा). म्हणजे पुण्यात नीट भरलेली होडी आंजर्ल्याला पोहोचेपर्यंत कुठेही गळती नसताना मऊ पडते, तर परतीच्या वाटेवर किनाऱ्यावर भरलेली होडी घाट चढताना आपोआप ताठ होत जाते. त्यात उन्हाची भर पडते. पहाटे २० अंशांना ०.२५ बारपर्यंत भरलेल्या नळीतली हवा टपावर ४५ अंशांपर्यंत तापली, तर तिचा दाब ०.३५ बारच्या आसपास जातो. गडद रंगाची होडी भर दुपारी याहूनही जास्त तापू शकते. उंची आणि ऊन यांचा ताण एकत्र आला की आधी सांध्याची चिकटपट्टी सुटू लागते, आणि ती पुन्हा पूर्वीसारखी बसवणे कठीण असते.

तेव्हा होडी गुंडाळूनच न्यावी. गावात पोहोचल्यावर घरापासून खाडीपर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरसाठी ती फुगवून टपावर ठेवायला माझी हरकत नाही, मात्र त्या वेळी ती उपडी ठेवावी, निमुळते टोक पुढे असावे, दोन रुंद पट्टे आडवे बांधावेत आणि पुढच्या व मागच्या कड्यांतून एकेक दोरी गाडीच्या बंपरखालच्या हुकांना ताणून घ्यावी. रॅचेटचे (दांडा मागे-पुढे करून आवळायचे) पट्टे वापरत असाल तर हात आवरता घ्यावा, कारण रॅचेट फार थोड्या श्रमात फार जास्त आवळतो आणि नळीला पट्ट्याचा कायमचा वळ पडतो.

गुंडाळताना मात्र घाई करू नये. सगळे व्हॉल्व्ह उघडून हवा जाऊ द्यावी, मग पंपाच्या उलट्या तोंडाने उरलेली ओढून घ्यावी. तळ आणि नळी यांच्या बेचक्यात वाळू साचते, ती आधी काढावी. नाहीतर ताम्हिणीच्या प्रत्येक वळणावर ती वाळू पॉलिश कागदासारखी पीव्हीसी घासत राहते. वल्ही, नांगर, गळाचा डबा यांपैकी काहीही गुंडाळीच्या आत ठेवू नये. नांगराचे टोक आणि पीव्हीसी यांच्यामध्ये निदान जाड गोणपाट असले पाहिजे. पंपाचा प्रश्न पैशाने सुटतो : गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा पंप घेतला की बरीचशी हवा त्याने भरता येते आणि शेवटचा दाब गेज लावून पायपंपाने द्यावा लागतो.

आता इंजिनाविषयी. ते चार स्ट्रोकचे असेल तर कोणत्या कुशीवर निजवायचे हे त्याच्या पुस्तिकेत चित्र काढून दाखवलेले असते. भलत्या कुशीवर ठेवल्यास तेल सिलिंडरकडे उतरते. पाण्यातून काढल्याबरोबर इंजिन आडवे करू नये, ते काही मिनिटे उभे धरावे, म्हणजे थंडाव्यासाठी आत फिरलेले खारे पाणी निथळून जाते. डिकीत ठेवतानाही वरचा भाग पंख्यापेक्षा थोडा उंच राहील असे काहीतरी खाली घालावे. टाकीतले आणि कार्ब्युरेटरमधले पेट्रोल प्रवासाआधी रिकामे करावे. मुले बसलेल्या बंद गाडीत पेट्रोलचा डबा नेण्याचे कारणच नाही, कारण दापोलीत पेट्रोल पंप आहे.

प्रश्न : माझे सासरे अडुसष्ट वर्षांचे आहेत. मुलाने दिलेली हवेची होडी घेऊन ते डिसेंबर-जानेवारीत पहाटे खाडीत एकटे जातात. अंगात सुती सदरा, पायजमा, त्यावर स्वेटर, गळ्यात मफलर आणि वर घोंगडी असते. लाइफ जॅकेट घातले की घोंगडी नीट पांघरता येत नाही, म्हणून ते जॅकेट होडीत नुसते ठेवतात. परत येतात तेव्हा त्यांचे हात थरथरत असतात. कोकणात एवढी थंडी असते का, आणि त्यांनी नेमके काय घालावे?
— एक वाचक, दापोली

उत्तर : दापोली सुमारे अडीचशे मीटर उंचीवर आहे आणि तिला मिनी महाबळेश्वर म्हणतात ते उगीच नाही, तिथे काही पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. खाडीकाठी तो एवढा उतरत नाही आणि खाली समुद्राचे पाणी तर जानेवारीतही २५ अंशांच्या आसपास, म्हणजे पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असते. तरीही आपले सासरे थरथरतात, याचे कारण थर्मामीटरवर दिसत नाही. ते ओले असतात आणि वाऱ्यात बसलेले असतात. होडीत चढताना पाय भिजतात, होडीच्या तळाशी पाणी साचते, वल्ह्यावरून थेंब मांडीवर पडतात आणि सुती कापड ते सगळे पाणी धरून ठेवते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. पायजमा आणि सदरा मिळून अर्धा लिटर पाणी धरत असतील तर ते सुकताना किती उष्णता खर्च होते आणि त्यातली बरीचशी अंगातून जाते, हे लक्षात घ्यावे. उतारवयात शरीराला थंडीची जाणीव उशिरा होते, त्यामुळे ‘मला काही वाटत नाही’ या त्यांच्या उत्तरावर विसंबू नये.

म्हणून अंगालगत सुती सदरा नको. तिथे पॉलिस्टरचा, लवकर वाळणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट किंवा थर्मल असावा. त्यावर त्यांचा नेहमीचा लोकरीचा स्वेटर चालेल, कारण लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब राखते. स्वेटरच्या वर वारा अडवणारे पातळ जर्किन हवे. पावसाळ्यातला साधा रेनकोटचा शर्टही ते काम करतो. आणि या सगळ्याच्या वर, पट्टे आवळून, लाइफ जॅकेट. त्यातला फोम छाती-पाठीला ऊब देतो, हे त्यांना आवर्जून सांगावे, कदाचित त्या कारणाने तरी ते घालतील. पायजम्याऐवजी नायलॉनची ट्रॅक पँट घालावी.

घोंगडीबद्दल मला आदर आहे. माळावर आणि शेतावर तिच्यासारखे पांघरूण नाही. पण होडीत ती घेऊ नये. भिजलेली घोंगडी जड होते, पाण्यात पडलेल्या माणसाच्या हातापायांत अडकते आणि तिच्यापायी लाइफ जॅकेट अंगावर येत नसेल तर तिची ऊब फार महाग पडते. मफलरचे टोकही वल्ह्यात किंवा इंजिनाच्या दोरीत सापडू शकते, त्याऐवजी कानटोपी बरी. पायांत गुडघ्यापर्यंतचे गमबूट नकोत, कारण त्यात पाणी भरले की पाय उचलणे अवघड जाते. अनवाणीही जाऊ नये, कारण खाडीतल्या खडकांवरची कालवे (शिंपले) पायाला पात्यासारखी कापतात. बोटे झाकणाऱ्या, मागे पट्टा असलेल्या रबरी चपला पुरेशा आहेत.

हात थरथरण्याचा प्रसंग बहुधा परतताना येत असावा. पहाटेपासून भिजलेल्या कपड्यांत दुचाकीवर ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात घाट चढून दापोलीला यायचे, हा सगळ्या सकाळचा सर्वांत गार भाग असतो. तोंड घट्ट बंद होणाऱ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा सदरा, पँट, टॉवेल आणि मोजे द्यावेत आणि किनाऱ्यावरच कपडे बदलून मग गाडीला किक मारायची, असा नियम घालून द्यावा. थर्मासमध्ये गरम चहा किंवा पेज असावी. ऊब यावी म्हणून काही जण दोन घोट दारू घेतात, त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर गरम वाटते आणि प्रत्यक्षात अंगातली उष्णता अधिक वेगाने निघून जाते.

आपण विचारलेले नाही, पण त्यांच्या एकट्याने जाण्याची मला थंडीपेक्षा जास्त काळजी वाटते. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. लाकडी होडी पाण्यात खोल बसते. हवेची होडी पाण्यावर तरंगत राहते आणि वारा नेईल तिकडे जाते. त्यातच ओहोटी असली तर वारा आणि पाणी दोन्ही तिला खाडीच्या मुखाकडे ढकलतात, जिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात. गारठलेल्या हातांनी, वाऱ्याविरुद्ध, दोन आखूड वल्ह्यांनी परत येणे तरुणालाही जड जाते. त्यामुळे त्यांनी भरती चढत असतानाच, मुखापासून आत, शक्यतो भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो अशा दिवसांत जावे. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ फार असते. नांगराची दोरी पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट लांब असावी. दाट धुके असेल त्या दिवशी जाऊच नये, कारण मच्छीमारांच्या इंजिनाच्या बोटींना ही ठेंगणी होडी दिसत नाही. गळ्यात शिट्टी आणि जलरोधक पाकिटात फोन असावा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ त्यात आधीच नोंदवून ठेवावा. परतायची वेळ त्यांनी आपल्याला सांगून जावी, आणि ती टळली तर आपण संकोच न करता फोन करावा.

प्रश्न : ठाण्याहून कुडाळला कोकण रेल्वेने अशी होडी नेता येईल का? मालवणला मासेमारीचा विचार आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : होडी नेता येईल, पेट्रोल नेता येणार नाही. डब्यात सोबत न्यायच्या पेटीची मर्यादा १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहे आणि वजनाची मोफत सवलत शयनयान वर्गात ४० किलो आहे. गुंडाळलेली होडी वजनात बसली तरी जाडीत सहसा बसत नाही, म्हणून ती आधी नोंदवून सामानाच्या डब्यातून पाठवावी. इंजिनात पेट्रोलचा वासही उरता कामा नये. ज्वलनशील पदार्थ गाडीत नेणे रेल्वे अधिनियम १९८९ नुसार गुन्हा आहे.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्याभोवतीचे पाणी १९८७ साली घोषित झालेल्या सागरी अभयारण्याच्या गाभा क्षेत्रात येते, तिथे मासेमारीला बंदी आहे. १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित नौकांना राज्याच्या सागरी हद्दीत मासेमारी बंद असते. इंजिन लावणार असाल तर नोंदणी आणि परवान्याविषयी जिल्ह्याच्या सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्तांच्या कार्यालयात आधी चौकशी करावी. शिंगाळा गळाला लागला तर त्याला नळीवर टेकू देऊ नये, त्याच्या काट्याने पीव्हीसीला सहज भोक पडते.

प्रश्न : पावसाळ्यात होडी कशी ठेवावी? मागच्या वर्षी माळ्यावर ठेवली तर उंदरांनी कुरतडली.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : उंदीर बहुधा माशांच्या वासाने येतात. त्यामुळे शेवटच्या फेरीनंतर होडी साबणाच्या सौम्य पाण्याने आतून-बाहेरून धुवावी, गोड्या पाण्याने खळबळून घ्यावी आणि सावलीत पूर्ण वाळवावी. बेचक्यांत ओल राहिली तर कोकणच्या पावसाळी हवेत महिनाभरात बुरशी धरते. वाळल्यावर घड्यांमध्ये टाल्कम पावडर भुरभुरून होडी सैल गुंडाळावी आणि झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवावी. पेटी कौलांखालच्या तापणाऱ्या माळ्यावर ठेवू नये. श्रावणात एखाद्या उघडिपीच्या दिवशी ती बाहेर काढून, अर्धी हवा भरून दिवसभर घरात ठेवावी. कुरतडलेली किंवा सुटलेली जागा तेव्हाच सापडते आणि हंगामाआधी ठिगळ लावायला वेळ मिळतो.