आपल्या नाताळाच्या करंज्या

प्रिय मनू,

काल मी रात्रपाळीला निघाले तेव्हा तू दारात येऊन विचारलंस, "आई, आपण नाताळात करंज्या-चकल्या का करतो? मराठीच्या वर्गातली मैत्रीण म्हणते, फराळ दिवाळीचा असतो. शाळेतल्या इंग्रज मुली म्हणतात, ख्रिसमसला टर्की असते. आपलं दोन्हीकडे वेगळंच!" माझी बस आली होती, म्हणून तुला नुसतं जवळ घेतलं आणि निघाले. आता पहाटेची विश्रांतीची वेळ आहे, वॉर्ड शांत आहे, आणि मला तुला नीट उत्तर द्यायचंय. मराठीतच लिहिते. एखादं जोडाक्षर अडलं तर बाबांना विचार.

तुझी मैत्रीण सांगते ते खरं आहे. फराळ दिवाळीचा असतोच. पण तो एकट्या दिवाळीचा नाही. मराठी घरात मोठा सण आला की कढई चढते, चारजणी एकत्र बसतात, डबे भरतात आणि ताटांवर रुमाल टाकून ती शेजारीपाजारी पोचवतात. आपला मोठा सण नाताळ, म्हणून आपली कढई डिसेंबरात चढते.

आता हे आलं कुठून ते सांगते. माझं माहेर नगरचं. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आजीच्या तोंडी अजून नगरच आहे. 1831 साली अमेरिकन मराठी मिशनची माणसं तिथे आली आणि त्यांनी शाळा काढल्या, मुलींसाठीसुद्धा. तुला वर्गात सावित्रीबाई फुल्यांचा धडा होता ना? शिक्षिका होण्याचं शिक्षण घ्यायला त्या नगरलाच आल्या होत्या, सिंथिया फरारबाईंकडे. 1842 साली तिथून 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक निघू लागलं. आजीच्या उशाशी जे अंक असतात ते त्याचेच.

त्या काळात ख्रिस्ती झालेली बरीच माणसं खेड्यांतली होती, गावकुसाबाहेर राहायला लावलेली. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नसत. मिशनच्या शाळेत त्यांच्या मुलांच्या हातात पाटी आली. आपले लोक त्यांच्यातलेच, मनू, आणि हे तुला माहीत असायला हवं. आजी सांगते, तिच्या आजीच्या लहानपणी घरात रोज भाकरी असायची, बाजरीची नाहीतर ज्वारीची. गहू आणि साखर म्हणजे चैन. करंज्या दुसऱ्यांच्या घरात तळल्या जायच्या आणि यांना अंगणाबाहेर उभं राहून उरलंसुरलं पदरात घ्यावं लागायचं. अशा बाईने पहिल्यांदा आपल्या घरात, आपल्या चुलीवर, आपल्या सणासाठी करंजी तळली असेल आणि त्यातली शेजारच्यांना ताटात घालून दिली असेल, तेव्हा तिला काय वाटलं असेल? तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडचं खरं उत्तर तिथे आहे. इतक्या कष्टाने मिळालेली कढई टर्कीसाठी उतरवून ठेवावी असं मला कधीच वाटलं नाही.

ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी भाषा सोडली नाही. सुरुवातीला चर्चमध्ये बरीचशी गीतं इंग्रजी गीतांवरून केलेली असायची, चालीही तिकडच्याच. मग नारायण वामन टिळक आले. ते 1895 साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी येशूची गाणी अभंगांत, ओव्यांत लिहिली, ख्रिस्ती कीर्तनं केली. जखमी पाखराची ती कविता बाबा तुला म्हणून दाखवतात आणि तुझे डोळे भरतात, तीही टिळकांचीच. आजीला त्यांची भजनं पुस्तक न उघडता येतात, आणि भाकरी थापताना ती तीच म्हणत असते.

माझ्या लहानपणीचा नाताळ डिसेंबर लागला की सुरू व्हायचा. घर झाडून-पुसून भिंतींना चुना, पत्र्याचे डबे घासून उन्हात पालथे. बाबूकाका बांबूच्या काड्यांची चांदणी बांधायचा, वर रंगीत जिलेटीन, आत दिवा, आणि ती छपरावर उंच काठीला लागायची. दारात रांगोळी, तिच्यात चांदणी आणि खाली 'नाताळच्या शुभेच्छा'. त्या आठवड्यात बायका पाळीपाळीने एकमेकींकडे जायच्या. आज आमच्या करंज्या, उद्या पलीकडच्यांच्या. रात्री कॅरलवाले यायचे. ढोलकी, पेटी, झांजा घेऊन तीस-चाळीस माणसं अंगणात उभी राहायची, थंडीने कानाला मफलर गुंडाळलेले, आणि मराठी गाणी अशी दणक्यात म्हणायची की गल्ली जागी व्हायची. शेजारच्या मशिदीजवळची मुलंही मागून चालायची, कारण प्रत्येक घरी चहा आणि चकली मिळायची.

आणि नाटिका! तुमच्या शाळेच्या नाटिकेत मेंढपाळ डोक्याला टी-टॉवेल बांधतात. आमचे मेंढपाळ खरी घोंगडी पांघरायचे आणि खरा फेटा बांधायचे, कारण दोन्ही कुणाच्या तरी घरी असायचंच. नगरकडे थंडीत धनगर मेंढरं घेऊन येतात. शेतकरी त्यांना रात्री आपल्या रानात मेंढरं बसवायला सांगतात, लेंडीखत मिळावं म्हणून. धनगर तिथेच उघड्यावर, शेकोटीपाशी, कुत्र्याच्या सोबतीने रात्र काढतो. "मेंढपाळ रात्री रानात राहून आपले कळप राखीत होते" असं पाळकसाहेब वाचायचे तेव्हा मला बेथलेहेम लांबचं वाटायचंच नाही. ते आमच्या मळ्याच्या पलीकडे असेल असं वाटायचं. गव्हाण काय असते हे मला कुणाला विचारावं लागलं नाही, आमच्या गाईची होती. तुला ते सगळं दाखवायचं राहिलंय. पुढच्या सुट्टीत जाऊ तेव्हा दाखवीन.

टर्कीचं म्हणशील तर तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण बेथलेहेमला टर्की नव्हती. तो पक्षी अमेरिकेतला, युरोपात फार उशिरा आला. सूचिपर्णी झाड घरात सजवण्याची रीत जर्मनीची. राणी व्हिक्टोरियाचा नवरा आल्बर्ट जर्मन होता. 1848 साली त्यांच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलं आणि मग घराघरांत झाड आलं. म्हणजे इथल्या लोकांनीही जे मिळालं, जे आवडलं, ते आपल्या सणात घेतलं आणि आता ते मनापासून त्यांचं आहे. आमच्या पणज्यांच्या हाताशी खोबरं, रवा आणि गूळ होता.

एक गोष्ट मला इथे आल्यावर कळली आणि ती मला फार आवडते. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज धर्मगुरू होते. त्यांचा जन्म 1549 च्या सुमाराचा आणि गाव बुश्टन, आपल्याच विल्टशायर काउंटीतलं, आपल्या स्विंडनपासून गाडीने थोडाच वेळ! ते 1579 साली गोव्यात गेले, आपली भाषा शिकले आणि येशूची सगळी गोष्ट त्यांनी मराठी ओव्यांत सांगितली, सुमारे 11 हजार ओव्यांत. ते 'क्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. विल्टशायरचा माणूस तिकडे जाऊन मराठीत नाताळची गोष्ट सांगतो आणि चारशे वर्षांनी नगरची माणसं त्याच विल्टशायरमध्ये येऊन मराठीत नाताळ करतात. तेव्हा "आपलं दोन्हीकडे वेगळंच" असं पुन्हा म्हणू नकोस. आपलं दोन्हीकडे आहे. वसंतात बुश्टनला जाऊन येऊ, बाबांनी कबूल केलंय.

आता आपल्या घराचं. तुमची शाळा दोन आठवडे बंद असते आणि दुपारी चारलाच अंधार पडतो, म्हणून या सुट्टीत सगळा वेळ घरातच जातो हे मला दिसतं. नगरच्या सुट्टीत आम्ही अंगणातच असायचो. इथे अंगण म्हणजे आपलं स्वयंपाकघर, म्हणून मी तुम्हाला तिथेच बसवते. बाबा सोऱ्या फिरवतात, तू कातण चालवतेस, दादा तळणीचा झारा धरतो. तळण सुरू झालं की खिडकी उघडायची, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो, आणि खिडकी उघडली की सगळे कुडकुडतात. तरी मला तो दिवस वर्षातला सगळ्यात आवडता आहे, कारण त्या दिवशी कुणी कुठल्या खोलीत एकटं नसतं. तुला शाळेतल्या गोष्टी एरवी विचाराव्या लागतात. करंजीच्या कडा दुमडताना तू त्या आपोआप सांगतेस.

पीठ मात्र इथे वेगळं वागतं. थंडीने तूप थिजलेलं असतं, म्हणून मोहन चांगलं कडकडीत करून घालायचं. रवा-मैदा दुधात भिजवून ओल्या फडक्याखाली झाकायचा आणि मग कुटायचा. हीटरजवळ ठेवायचा नाही, वरून वाळतो आणि पारीला चिरा जातात. सारणात भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, थोडा भाजलेला रवा, पिठीसाखर, वेलची, जायफळ. कडेला दुधाचं बोट लावून घट्ट दाबायचं. एक करंजी जरी फुटली तरी सारण तेलात जळतं आणि पुढचा सगळा घाणा काळा होतो. म्हणून तुझं काम लहान नाही.

आणि ताटं. आपल्या खालच्या मजल्यावरचं गोव्याचं कुटुंब त्यांच्या नेवऱ्या पाठवतं. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं किती आहेत हे तू चर्चमध्ये बघतेसच. त्यांच्या नेवऱ्या आणि आपल्या करंज्या बघायला सारख्याच, आत सारण निराळं. दोदोल मात्र आपल्याकडे होत नाही, म्हणून त्या काळ्या गुळाच्या वड्यांसाठी तुम्ही दोघं भांडता. समोरच्या इंग्रज आजी आपलं ताट परत देताना त्यात मिन्स पाय, म्हणजे सुक्या मेव्याचं गोड सारण भरलेले छोटे पाय, ठेवतात. आपण त्यांना हे शिकवलं नव्हतं. रिकामं ताट परत द्यायचं नाही हे नगरला प्रत्येक पोराला माहीत असतं, घरात काही नसलं तर निदान चिमूटभर साखर घालतात. दिवाळीला आमच्याकडे ताटं यायची, ईदला शीरखुर्मा यायचा, नाताळला आमची ताटं निघायची. माझी आई कुणाचं भांडं कुठलं हे अंधारात हाताने ओळखायची. तुझ्या मैत्रिणीकडून दिवाळीत फराळाचा स्टीलचा डबा आला होता, तो वरच्या कपाटात आहे. शनिवारी तो भरून घेऊन जा. फराळ कुणाचा हा प्रश्न तिच्या आईशी बोलून सोडवायची तुला गरज पडणार नाही. चकली खुसखुशीत झाली की नाही, एवढंच ती बघेल.

यंदा 25 ला माझी दिवसाची ड्यूटी आहे. त्या दिवशी बसही नाही आणि रेल्वेही नाही, बाबा मला गाडीने सोडतील. आपलं जेवण 26 ला, मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. पीठ आजीने पाठवलंय. तुला वाईट वाटलं हे मला कळलं. पण हॉस्पिटलात नाताळच्या दिवशीही माणसं असतात, आणि त्यांच्यातल्या काहींना भेटायला कुणी येत नाही. मी करंज्यांचा एक डबा वॉर्डात नेणार आहे.

24 ची संध्याकाळ मात्र आपली आहे. आपल्या घड्याळात साडेसहा वाजले की नगरला रात्रीचे बारा वाजतात. आजी चर्चबाहेरून फोन लावणार आहे, म्हणजे तुम्हाला घंटा ऐकू येईल. त्याआधी जेवण उरकायचं, चांदणी लावायची आणि गाणं तयार ठेवायचं. दादा पेटीवर, तू दुसरं कडवं एकटीने म्हणायचंस. आजीला ऐकू कमी येतं, तेव्हा मोठ्याने म्हण.

मी साडेआठला घरी पोचेन आणि दुपारपर्यंत झोपेन. हे वाचून झालं की तूप फ्रीजमधून बाहेर काढून ठेव आणि खोबरं किसायला घे. बोटं सांभाळ, शेवटचा तुकडा बाबांना दे.

तुझी,
आई