‘आवाज’चे अंक आणि दहा लाखांचा विमा

प्रश्न : वय 43, वेर्ण्याला नोकरी, पगार हातात 60 हजार, घरखर्च 40 हजार, मुलगी आठवीत. ‘आवाज’चे जुने दिवाळी अंक जमवतो. एक विक्रेता 70 अंक 3 लाखांना देतोय. म्हणतो, दहा वर्षांत तिप्पट होतील. मुलीचं कॉलेज त्यातून निघेल. 6 लाखांची एफडी अर्धी मोडू का? पत्नीला अजून सांगितलेलं नाही. पॉलिसी आहे, त्यामुळे ती बाजू पक्की आहे. (50 हजार हप्ता, 20 वर्षे, चार भरले, विमा 10 लाख, शेवटी 18 लाख मिळतील असं एजंट म्हणतो.)
– एक वाचक, फोंडा

उत्तर : मोडू नका. तिप्पट म्हणजे वर्षाला साडेअकरा टक्के, तेही फी भरायच्या वेळी गिऱ्हाईक मिळालं तर. 1951 साली मधुकर पाटकरांनी सुरू केलेल्या या अंकाची जान खिडकीचित्रांत आहे, म्हणजे पानातली कापलेली खिडकी उघडली की आत वेगळंच चित्र दिसतं त्यांत. खिडकी फाटली की संग्राहक भाव पाडतो. आणि आपल्याकडे पावसाचे चार महिने ओल, बुरशी, कसर.

पण मला काळजी वाटली ती ‘पक्की’ या शब्दाची. उद्या तुम्ही नसलात तर 10 लाखांत घर चालेल 25 महिने. मुलगी तेव्हा दहावीतच असेल! एवढ्यासाठी तुम्ही वर्षाला 50 हजार भरता. 10 लाख भरून 18 लाख म्हणजे सव्वापाच टक्के. तोच हप्ता पीपीएफमध्ये, मुदत वाढवून 20 वर्षे, सध्याच्या 7.1 टक्क्यांनी भरला तर 22 लाख होतात. विमा हवा असलेल्या माणसाच्या गळ्यात असली पॉलिसी मारणाऱ्या एजंटाचा मला मनापासून राग येतो.

साठीपर्यंतचा 1 कोटीचा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा, शेवटी काही परत न करणारा निव्वळ विमा. प्रकृती ठीक असेल तर वर्षाला 25 हजारांच्या आसपास पडेल. सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. तो हातात आल्यावरच जुनी पॉलिसी पेड-अप करा (पुढचे हप्ते बंद, भरलेल्या हप्त्यांपुरता कमी विमा चालू), आधी नाही. उरलेले 25 हजार मुलीच्या नावाने बाजूला पडू देत.

आता पत्नी. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे त्या एफडीत अर्धा वाटा तिचा आहे. परस्पर मोडायला निघालात, हे मला अजिबात पटलं नाही. व्याजही निम्मं-निम्मं दोघांच्या प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवायचं असतं. पगार मात्र तुमचा एकट्याचा. आजवर सगळं व्याज तुमच्याच नावावर दाखवलं असेल तर सीएला विचारा. पॉलिसी, एफडी, नॉमिनी, सगळे कागद तिच्यासमोर ठेवा.

अंक जरूर घ्या, वर्षाला पाच-सात हजारांचे, एकेक खिडकी तपासून. टर्मच्या अर्जात मात्र तंबाखू, रक्तदाब, साखर, काहीही लपवू नका. दावा अडतो तो बहुतेक तिथेच.