हँडल गार, माणूस तोच?

डिसेंबरच्या टपालात यंदा थंडीची पत्रे नेहमीपेक्षा जास्त आली आणि त्यांतली बरीचशी सायकलस्वारांची निघाली. त्यांपैकी तीन येथे घेतली आहेत. दुसरे पत्र वाचून मी दोन दिवस उत्तर लिहिलेच नाही. त्यामुळे त्याचे उत्तर लांबले आहे, ते सांभाळून घ्यावे.

प्रश्न : मी मूळचा लातूर जिल्ह्यातला असून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी दोन वर्षांपासून कर्वेनगरला राहतो. पहाटे पावणेसहाला म्हात्रे पुलावरून नवी पेठेतल्या अभ्यासिकेत सायकलने जातो. पुलापाशी आलो की थंडी एकदम वाढते, डोळ्यांना पाणी येते, नाक वाहते आणि जागेवर बसल्यावर अर्धा तास हुडहुडी जात नाही. मोबाईल मात्र तापमान सगळीकडे तेच दाखवतो. गावाकडची थंडी काही कमी नसते, पण ती अशी झोंबत नाही. हा माझा भ्रम आहे का? खोलीवरचे मित्र म्हणतात की मी पुणेकर होऊन नाजूक झालो. गावाकडचेही तेच म्हणतात.

उत्तर : भ्रम मुळीच नाही. रात्री आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की जमीन दिवसभर साठवलेली ऊब भराभर सोडून देते, तिला लागून असलेली हवा गार होऊन जड होते, आणि पाणी जसे उतार धरते तशी ही गार हवाही उतार धरून खाली सरकत नदीपात्रात साचते. पुलावर तुम्ही त्या साचलेल्या गारठ्याच्या काठावरून जाता, शिवाय दोन्ही बाजूंना वारा अडवायला इमारत नसते. मोबाईलवरचा आकडा तुमच्या पुलाचा नसतो. एकाच पहाटे पाषाण आणि लोहगाव यांच्या किमान तापमानात काही अंशांचा फरक पडतो, हे रोजच्या वर्तमानपत्रातही दिसते.

दुसरे कारण तुम्ही स्वतःच निर्माण करता. हवा १० अंशांची असेल आणि तुम्ही ताशी १५ किलोमीटर वेगाने जात असाल, तर उघड्या कातडीला ती सुमारे ८ अंशांसारखी लागते, कारण अंगाभोवतीचा उबदार हवेचा पातळ थर वारा सतत खरवडून नेतो. डोळ्यांवरचा ओलावा याच वाऱ्याने सुकतो आणि तो भरून काढण्यासाठी डोळे पाणी सोडतात. नाकाचे कामच मुळी आत जाणारी हवा गरम आणि दमट करण्याचे आहे. हवा जितकी गार आणि कोरडी, तितके ते जास्त पाझरते. म्हणजे हे आजारपण नव्हे, अवयव आपापली नोकरी करीत आहेत. छातीत घरघर किंवा दम लागत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

अभ्यासिकेतल्या हुडहुडीचे कारण बहुधा तुमचा बनियन आहे. जाड जर्किनच्या आत घाम येतो, सुती बनियन भिजतो आणि पाय थांबले की तोच अंगावर गार पडतो. पिशवीत दुसरा कोरडा बनियन ठेवा आणि पोहोचल्याबरोबर बदला. छातीसाठी एक जुना उपाय सांगतो, तो पहाटे पेपर टाकणाऱ्या मुलांकडून मी शिकलो : वर्तमानपत्राची दोन पाने घडी करून स्वेटरच्या आत छातीशी धरायची आणि वरून चेन लावायची. पहिल्या चौकापर्यंत प्रत्येक श्वासाला कागद करकरतो, मग अंगाच्या आकाराचा होऊन गप्प बसतो. लोकरीतून वारा आरपार जातो, कागदातून जात नाही. सायकल सकाळी जड चालते असे वाटत असेल, तर तेही खरे आहे. दुपारी ३० अंशांत टायरमध्ये ६० पौंड दाबाने भरलेली हवा पहाटे १० अंशांत सुमारे ५५ पौंडांवर येते.

शिवाजीनगरच्या हवामान कार्यालयाला जुने पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, कारण भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून येथे आले. १९४४ मध्ये ते दिल्लीला गेले, कार्यालयापाशी असलेल्या चौकाला मात्र सिमला चिकटून राहिला. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंश तापमान नोंदले गेले, तेव्हा त्या नावाचे निदान एका पहाटेपुरते सार्थक झाले म्हणायचे.

मित्रांना एवढेच विचारा, की गावाकडच्या पहाटे ते सायकल हाणतात की शेकोटीजवळ बसतात. आणि पुणेकर की लातूरकर या वादाचे म्हणाल, तर परीक्षेच्या प्रत्येक अर्जात तुम्ही ‘कायमचा पत्ता’ आणि ‘सध्याचा पत्ता’ असे दोन रकाने भरता. आयोगाने आजवर त्यांतला एकही खोटा ठरवलेला नाही.

प्रश्न : माझे वय ६६ आहे. पर्वतीच्या पायथ्याशी राहतो. वडील खडकीच्या कारखान्यात होते; त्यांनी १९६८ साली घेतलेली सायकल त्यांच्यामागे मी आजतागायत चालवतो. पण तिची कातडी सीट जाऊन रेक्झिनची आली, रिमा दोनदा बदलल्या, हँडल, चेन, फ्रीव्हील, पुढचा चिमटा, सगळे क्रमाक्रमाने बदलले. आता खाली पायडलच्या सांध्याशी फ्रेमला चीर गेली असून मिस्त्री म्हणतो, वेल्डिंग टिकणार नाही, फ्रेम बदला. मूळचे म्हणावे असे आता दोनच राहील : पितळी घंटी आणि मागच्या मडगार्डवरचा महापालिकेचा जुना बिल्ला. मुलगा म्हणतो, “बाबा, ही आजोबांची सायकल राहिलीच कुठे?” त्याच्या बोलण्याने झोप उडाली आहे. त्यातच परवा सकाळी लक्ष्मी रस्त्यावर माझ्याबरोबर २६ वर्षे काम केलेला सहकारी हातभर अंतरावरून गेला आणि त्याने मला ओळखले नाही. मी कानटोपी आणि मफलर घातला होता हे खरे, पण घरी येऊन सांगितले, तर पत्नी हसून म्हणाली, “कानटोपीत तुम्ही अगदी मामंजींसारखे दिसता.” निवृत्तीला आठ वर्षे झाली. सायकल ती नाही, चेहरा माझा नाही, तर मग मी कोण, असा प्रश्न या वयात पडणे योग्य आहे का?

उत्तर : आधी लोखंडाचे बोलू. मिस्त्री बरोबर सांगत आहे. त्या सांध्यावर प्रत्येक पायडलचा जोर येतो, आणि ५० वर्षांहून जुनी, आतून गंजलेली नळी वेल्डिंगच्या शेजारीच पुन्हा तडकण्याची शक्यता मोठी असते. सहकारनगरच्या उतारावर ते घडले तर ओळखीचा प्रश्न दुसरेच लोक सोडवतील. तेव्हा आज संध्याकाळपासून ती सायकल हातात धरून न्यावी, चालवू नये.

आता चिरंजीवांचा आक्षेप. हा प्रश्न जुना आहे, आणि तो आपल्याकडे रथावरून विचारला गेला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्येला राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद पाली भाषेतल्या ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात आहे. मराठवाड्यातल्या वाचकांना नावे परकी नाहीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय आणि त्याभोवतीचे नागसेनवन यांनी ती घरोघरी पोचवली आहेत. नागसेन म्हणतो, “नागसेन हे नुसते नाव आहे, आत कोणी कायमचा नागसेन सापडत नाही.” राजा चकित होतो. तेव्हा भिक्षू त्याला विचारतो, की आपण रथातून आलात ना, मग रथ म्हणजे दांडी का, आस का, चाके का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो, की हे सारे भाग एकमेकांत बसले म्हणजे जे होते त्याला आपण रथ म्हणतो. पुढे दिव्याचा दाखला येतो : रात्रीच्या पहिल्या प्रहरी जळणारी ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच का? तीच म्हणता येत नाही आणि वेगळीही म्हणता येत नाही, कारण रात्रभर दिवा एकच जळत होता.

मला हे उत्तर पटते, पण सायकलीपुरते ते थोडे अपुरे वाटते. कारण सायकलीची ओळख कोण विचारतो आहे यावर उत्तर बदलते. फ्रेमवर कारखान्याचा क्रमांक ठोकलेला असतो, तेव्हा चोरीची तक्रार लिहून घेणारा हवालदार फ्रेम बदलली की सायकल बदलली असेच धरणार, आणि त्याच्या कामापुरते ते बरोबर आहे. आपल्या चिरंजीवांनी नकळत हवालदाराची बाजू घेतली आहे. आपण मात्र ही सायकल अशा रीतीने राखली आहे, की कोणत्याही एका दिवशी तिचा एकच भाग नवा होता आणि उरलेले सगळे त्या नव्या भागाला सांभाळून घेत होते. आपण तिच्यावरून डेक्कनला जाताना जो लकडी पूल लागतो, त्याचे पेशवाईतले लाकूड केव्हाच गेले, दगड आला, कागदोपत्री नावही संभाजी पूल झाले. तरी रिक्षावाल्याला सांगताना आपण काय म्हणता? जेथे येणे-जाणे खंडत नाही, तेथे नाव टिकते.

म्हणून माझा कौल असा, की जुन्या सायकलीच्या सगळ्या भागांत त्याच मापाची फ्रेम बसवली, तर ती आपल्या वडिलांचीच सायकल. उलट उद्या आपण दुकानातून गिअरची नवी कोरी सायकल आणली आणि तिला पितळी घंटी लावली, तर ती आपली सायकल आणि वडिलांची घंटी, असे म्हणावे लागेल. त्यातही कमीपणा काही नाही. फक्त दोन्हींची सरमिसळ करू नये. तडकलेल्या फ्रेमचे काय करायचे हे आपण विचारले नाही, पण भंगारवाल्याला देण्यापूर्वी तिच्यावरचा क्रमांक कागदावर खरडून, म्हणजे कागद वर ठेवून पेन्सिलीने घासून, उतरवून घ्यावा असे सुचवतो. तेवढाच चिरंजीवांच्या आक्षेपाचा मान राहील.

आपल्या स्वतःविषयी म्हणाल, तर शरीर हेच करीत आले आहे. तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात, वरची कातडी साधारण महिन्याभरात बदलते. तरीही मेंदूच्या बाह्य भागातल्या बहुतेक चेतापेशी आणि डोळ्याच्या भिंगाचा गाभा जन्मापासून आहे तोच राहतो. म्हणजे घंटी आणि बिल्ला आपल्याही अंगात आहेत.

सहकाऱ्याचे फार मनाला लावून घेऊ नये. माणूस माणसाला भुवया, केसांची रेषा आणि चेहऱ्याचा एकंदर घाट यांवरून ओळखतो, आणि कानटोपी व मफलर नेमके तेवढेच झाकतात. शिवाय २६ वर्षे त्याने आपल्याला टेबलामागे पाहिले, कानटोपीत आणि सायकलीवर पाहिले नाही. त्याच्याकडून खूण राहिली असेल, तर आपल्याकडूनही एक राहिली. हातभर अंतरावर घंटी असताना आपण ती वाजवली नाही. पत्नीने मात्र ओळखले, आणि दोघांना एकदम ओळखले. कानटोपी आपल्या वयाचे केस आणि निवृत्त माणसाचे कपाळ झाकते व मागे जे उरते ते नाक, हनुवटी आणि मान पुढे काढून हँडलवर वाकण्याची ढब, जी वडिलांची आहे. आपल्या पत्रातले मला सर्वांत आवडलेले वाक्य ते आहे. मामंजी थंडीत कसे दिसत, कसे बसत, हे आता जगात फार थोड्या माणसांना आठवत असेल, त्यांपैकी एक आपल्या घरात चहा करते. चिरंजीवांनाही एकदा पहाटे ती कानटोपी घालून त्या नव्या फ्रेमवर बसवून पाहावे.

प्रश्न योग्य आहे का, असे आपण विचारले. योग्य आहे. नोकरीत असताना हजेरीपत्रक रोज उत्तर देत होते, म्हणून तो पडत नव्हता, इतकेच.

प्रश्न : मी ४९ वर्षांची गृहिणी, मांजरीला राहते. गेल्या दिवाळीनंतर सोसायटीच्या आवारात सायकल शिकले आणि आता पहाटे सहाला कालव्याच्या कडेच्या रस्त्याने जाऊन येते. यजमानांचे गडद निळे विंडचीटर आणि कानटोपी घालते, त्यामुळे कोणी ओळखत नाही. दिवसभर मी अमक्याची आई आणि तमक्याची सून असते. त्या पाऊण तासात कोणाचीच कोणी नसते आणि मला ते फार आवडते. हे स्वार्थीपणाचे आहे का? आणि फेब्रुवारी संपता संपता टोपी उतरवावी लागेल, तेव्हा सगळे ओळखतील आणि माझे सायकल चालवणे थांबेल, अशी भीती वाटते.

उत्तर : पाऊण तासाचा स्वार्थ कोणत्याही घराला परवडतो. वरच्या गृहस्थांना ओळखले न गेल्याचे दुःख झाले आणि तुम्हाला त्याचाच आनंद झाला, यात विसंगती नाही. त्यांची ओळख निवृत्तीने काढून घेतली होती, तुमच्यावर ओळखींचे ओझे झाले होते. फेब्रुवारीची धास्ती आत्तापासून घेऊ नका. तोवर हात इतके सरावतील की शेजारणींनी हाक मारली, तरी एक हात हँडलवरून काढून उत्तर देता येईल, आणि त्या विचारतील की मलाही शिकवता का. मग मात्र तुमचा पाऊण तास गेला, हे आत्ताच सांगून ठेवतो. शिकवायचे असेल तर संध्याकाळची वेळ द्या.

माझी तक्रार फक्त विंडचीटरच्या रंगाबद्दल आहे. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो, कालव्याकडेला धुके असते आणि त्या बाजूला हंगामात उसाचे ट्रॅक्टर पहाटेच निघतात, त्यांच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच असे नाही. गडद निळा रंग त्या अंधारात काळाच दिसतो. पाठीवर आणि दोन्ही बाह्यांवर चमकणारी पट्टी शिवून घ्या, मागच्या मडगार्डला लाल दिवा लावा आणि पुढचा दिवा रस्त्याकडे किंचित झुकवा. यजमानांना विंडचीटर परत हवे असेल, तर पट्टी टाके घालूनच शिवा, म्हणजे उसवता येईल.