व्हेरिएबल आहे का नाही, बघायचं कसं?

प्रश्न : सर, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे त्यांना शेतकऱ्याची हिशोबपट्टी काढायला पीएचपीत (वेबसाइटची प्रोग्रामिंग भाषा) छोटं सॉफ्टवेअर करून दिलंय. होस्टिंगवाल्यानं पीएचपी ७ चं ८ केलं आणि तेव्हापासून पट्टीच्या डोक्यावर 'अनडिफाइन्ड व्हेरिएबल', 'अनडिफाइन्ड अ‍ॅरे की' असल्या वॉर्निंग छापून येतात. मित्र म्हणाला सगळीकडे एम्प्टी (empty, किंमत रिकामी आहे का बघणारी तपासणी) लाव, लावलं, तर आता हमाली ० टाकली की 'हमाली भरा' म्हणून अडून बसतंय. काय करू?

उत्तर : नसलेलं व्हेरिएबल (किंमत ठेवायचं नाव) वापरायची चूक जुनीच आहे हो, आधी ती नुसती नोटीस, म्हणजे हलकी सूचना, असायची आणि बऱ्याच सर्व्हरवर नोटीस दिसतच नसे. नोव्हेंबर २०२० मधे ८.० आलं त्यात तिची वॉर्निंग झाली, एवढंच.

आता एम्प्टीचं. फॉर्ममधून जे येतं ते मजकूर म्हणून येतं, आणि एम्प्टीच्या लेखी '०' हा मजकूरपण रिकामाच, कोऱ्या चौकटीसारखा. गंमत म्हणजे ०.०० टाकून बघा, बिनबोभाट पुढं जाईल! म्हणजे जिथं शून्य हे खरं उत्तर असू शकतं, हमाली, तोलाई, उचल, तिथं एम्प्टी नकोच.

मग इजसेट (isset) लावू का म्हणाल, तर ते फक्त व्हेरिएबल आहे का आणि नल (null, म्हणजे किंमतच नाही) नाही ना एवढंच बघतं, आणि हमालीची चौकट कोरी सोडली तरी ब्राउझर ती कोरी का होईना पाठवतोच, त्यामुळं इजसेट हो म्हणणार. चेकबॉक्सला मात्र इजसेटच बरं, कारण टिक नसेल तर ब्राउझर त्याचं नावसुद्धा पाठवत नाही. हमालीला पोस्टमधल्या ($_POST, फॉर्ममधून आलेली माहिती) किंमतीच्या नंतर ?? '' लावा, म्हणजे ती आलीच नाही तर कोरा मजकूर मिळेल, त्याला ट्रिम करा (trim, मागंपुढंच्या मोकळ्या जागा काढा) आणि तीन बरोबरच्या चिन्हांनी (===) कोऱ्या मजकुराशी ताडून बघा. शून्य सुखरूप राहतं.

आणि 'अनडिफाइन्ड व्हेरिएबल' येतंय ते बहुतेक पोत्यांच्या लूपमधल्या (एकेक पोतं घेऊन तेच काम परत परत करणारा भाग) एकूण वजनाचं असणार. तिथं इजसेट अजिबात लावू नका राव, लूपच्या आधी एकूण = ० लिहा. आपल्याच व्हेरिएबलला इजसेट लावत सुटलं की स्पेलिंग चुकलेलं नाव गुपचूप 'नाही' ठरतं, वॉर्निंग येत नाही आणि पट्टीत वजन कमी लागतं, मग शेतकरी दुकानात येऊन भांडतो.