ऑस्ट्रेलियात नदीतले कार्प मारायला व्हायरस सोडणार म्हणतात, तो माणसांना किंवा बाकीच्या माशांना होऊ शकतो का?

माणसांना नाही होत. मेलबर्नजवळच्या जीलाँगच्या सरकारी लॅबमध्ये इथले देशी मासे, बेडूक, कोंबड्या, उंदीर सगळ्यांवर टेस्ट झाल्यात, हा कोई हर्पिस व्हायरस कार्पच्या जातीबाहेर वाढताना दिसला नाही. पण सगळे हेच विचारतात आणि खरा घोळ बाजूलाच राहतो.

मी मरे नदीकाठच्या एका छोट्या गावात पाण्याच्या प्लांटवर कामाला आहे. एका उन्हाळ्यात आमच्या इन्टेकच्या (नदीतून पाणी उचलतो ती जागा) वरच्या अंगाला एका डोहात कार्प मेले, व्हायरस वगैरे काही नाही, नुसतं पाणी तापून ऑक्सिजन संपला. पहिल्या दिवशी दाताळ्याने मासे निघत होते, नंतर उचलायला गेलं की पोट फुटून अर्धा मासा परत पाण्यात आणि दातांना नुसती खवलं. इकडे प्लांटवर तुरटीचा डोस वाढवतोय, क्लोरीन टाकतोय तर टिकतच नाही, सगळं त्या कुजक्यात खपतंय, आणि गावातून फोनवर फोन की नळाला वास येतोय. हे एका डोहाचं झालं. मरे-डार्लिंग नद्यांच्या खोऱ्यात काही ठिकाणी माशांच्या एकूण वजनात 80-90 टक्के कार्पच आहे, ते एका सीझनमध्ये सडलं तर पाण्यातला ऑक्सिजन खाणार आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप तो इथला देशी मासा मरे कॉडच गुदमरणार. 2018-19 ला डार्लिंग नदीवर मेनिंडीला कॉड मेलेच की, तिथे तर व्हायरस पण नव्हता.

आमच्यात एक मित्र आहे, गळ टाकायचा भयंकर नाद. 2016 ला सरकारने या व्हायरसच्या योजनेसाठी दीड कोटी डॉलर जाहीर केले तेव्हापासून दर बार्बेक्यूला त्याचं एकच, "सोडा की एकदाचा, विषय संपला." अरे कसला संपतोय? सशांवर 1950 ला मिक्सोमा व्हायरस सोडला, आधी पटापट मेले, मग उरलेले दाद देईनात आणि व्हायरस पण सौम्य पडला. कार्पची एक मादी लाखांनी अंडी घालते. शिवाय हा व्हायरस साधारण 18 ते 28 डिग्रीतच मारतो, एरवी माशाच्या अंगात गप पडून राहतो. माघारी बोलवायची सोय नाही.

कार्प भला मासा आहे असं माझं म्हणणं नाही हां, तळ उकरून सगळं पाणी गढूळ करतो, कमी व्हायलाच पाहिजे. आणि घरी कोई पाळत असाल तर तीही कार्पच, तिलाही हा लागतो. 2022 ला सरकारचा कार्पवरचा प्लान छापून आला, व्हायरस अजून सोडलेला नाही. सोडलाच तर मेलेले मासे काढायला माणसं आणि ट्रक कुठून आणायचे हे मी त्या मित्राला दरवेळी विचारतो, तो दरवेळी उठून सॉसेज परतायला जातो.