'माय लिटल पोनी' या खेळण्याची सुरुवात कशी झाली?

या खेळण्याची मूळ कल्पना अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीच्या चित्रकार बॉनी झॅकर्ली यांची. मात्र 1981 मध्ये प्रथम बाजारात आले ते 'माय प्रिटी पोनी' नावाचे, सुमारे 10 इंच उंचीचे, टणक प्लास्टिकचे तपकिरी शिंगरू. त्याच्या हनुवटीखालची कळ दाबली की ते कान हलवी, डोळा मिचकावी आणि शेपटी झटकी. झॅकर्ली यांना हवे होते ते मऊ, मुलीच्या मुठीत मावणारे आणि केस विंचरता येतील असे खेळणे, आणि 1982-83 मध्ये तेच सहा फिकट रंगांत, प्रत्येकाच्या मागच्या मांडीवर निराळे चिन्ह घेऊन आले. कळ गेली आणि कंगवा आला. माझ्या मते यशाचे खरे कारण हेच. या पहिल्या सहांच्या खुरांचे तळ सपाट होते, पुढे ते आतून खोलगट झाले, त्यामुळे संग्राहक आजही शिंगरू आधी उलटे करून पाहतात. अमेरिकेत 1992 मध्ये विक्री थांबली. 1997 आणि 2003 मध्ये नव्या पिढ्या आल्या, परंतु 2010 मध्ये लॉरेन फॉस्ट यांनी घडवलेल्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याला प्रौढ चाहतेही मिळवून दिले, ज्याची कंपनीने बहुधा अपेक्षा केली नसावी.